खटल्यानंतरच्या रखमाबाई

आमच्या शाळेच्या हॉलमध्ये थोर पुरुषांच्या तसबिरींची एक लांबलचक रांग होती आणि त्या रांगेच्या अगदी शेवटी, दाराजवळ, एका बाईंची तसबीर होती. डॉ. आनंदीबाई जोशी. सातवीत असताना वक्तृत्वस्पर्धेसाठी मी आनंदीबाई पाठ केल्या होत्या. गोपाळरावांचा हेका, सातासमुद्रापारचा प्रवास, फिलाडेल्फियाची पदवी आणि मग तो अकाली मृत्यू. शेवटच्या वाक्याला आवाज कापरा करायचा हे बाईंनी शिकवलं होतं, आणि तसा तो केल्यावर पहिल्या रांगेतल्या दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला होता. मला दुसरा नंबर मिळाला. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली आली होती आणि ती आमच्या घरात सगळ्यांनी वाचलेली होती. तेव्हा 'आपल्याकडची पहिली डॉक्टरीण' या विषयात मला आणखी काही शिकायचं उरलं आहे, असं मनातही आलं नाही.

रखमाबाई हे नाव मी ऐकलं ते पुष्कळ पुढं, आणि तेही डॉक्टर म्हणून नव्हे. बँकेत लागल्यावर प्रमोशनला उपयोगी पडेल म्हणून मी संध्याकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं होतं. १९८३ साल. त्याच वर्षी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं अभिनेत्री सरिता हिच्या खटल्यात एक खळबळजनक निकाल दिला होता. नवऱ्याकडे नांदायला न जाणाऱ्या बायकोला कोर्टाच्या हुकुमानं नांदायला पाठवण्याचं हिंदू विवाह कायद्यातलं कलम ९ घटनाबाह्य आहे, असा तो निकाल होता. आमच्या सरांना त्यामुळं जुनं प्रकरण काढावं लागलं. फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, १८८५'. दहा मिनिटांत मुद्दे सांगून झाले, पुढचा विषय पोटगी. वहीत लिहून घेताना माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की वादीला बापाचं नाव आहे आणि प्रतिवादी नुसतीच रखमाबाई आहे. आम्ही दिवसभर बँकेत फॉर्म भरून घेणारी माणसं. 'वडिलांचे / पतीचे नाव' हा रकाना रिकामा असला की फॉर्म परत करायची हाताला सवय. तसाच तो रिकामा रकाना डोळ्यांत खुपला.

ही रखमाबाई पुढं डॉक्टर झाली, आणि थोडीथोडकी नव्हे, तब्बल पस्तीस वर्षं तिनं डॉक्टरकी केली, हे सरांनी सांगितलं नाही. त्यांना माहीत नसावं. मला कळलं ते मोहिनी वर्दे यांचं 'डॉ. रखमाबाई : एक आर्त' हे चरित्र वाचनालयात हाती लागलं तेव्हा. खटल्यातली ती आणि दवाखान्यातल्या या, दोन्ही एकच आहेत हे कळल्यावर मी ते पुस्तक रात्रीत वाचून काढलं आणि सकाळी ठरवून टाकलं, की यावर आपण कादंबरी लिहायची. ती कादंबरी काही झाली नाही. का झाली नाही ते पुढं सांगते. आधी हकिगत सांगितली पाहिजे.

रखमाचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतल्या सुतार समाजातल्या घरातला. वडील जनार्दन पांडुरंग ती दोन वर्षांची असतानाच वारले. आई जयंतीबाई तेव्हा सतरा वर्षांची. या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती, त्यामुळं काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. मात्र त्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावावर करून दिली. जयंतीबाईंची ही एक सही पुढच्या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे. त्या सहीनं मुलीला पायाखाली जमीन दिली, आणि त्याच सहीमुळं मुलीवर डोळा ठेवणारेही निर्माण झाले.

सखाराम अर्जुन हे मोठं लोभसवाणं प्रकरण होतं. ग्रँट मेडिकल कॉलेजातले डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधींची त्यांनी सूची केलेली. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी निघाली तेव्हा तिच्या संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते, त्यांतले एक हे, आणि दुसरे आत्माराम पांडुरंग. अशा माणसाच्या घरात रखमा वाढली. आणि त्याच घरात, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचं लग्न लागलं! मुलगा सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, एकोणीस वर्षांचा, गरीब. दादाजी भिकाजी. बोली अशी, की मुलगा घरजावई म्हणून राहील, शिकेल, 'माणूस होईल'. सुधारक म्हणावा तर डॉक्टरांनी लग्न लावलं, आणि सनातनी म्हणावं तर मुलगी वयात आल्यावर गर्भाधान लवकर उरकू द्यायला त्यांनी साफ नकार दिला. डॉक्टर होते, कोवळ्या वयातलं बाळंतपण काय असतं ते त्यांनी पाहिलेलं असणार.

दादाजी काही शिकला नाही. तो आपले मामा नारायण धुर्माजी यांच्याकडे राहायला गेला. इकडे रखमा घरीच वाचू लागली. मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची आणि आपलं आपण इंग्रजी पक्कं करायचं. आईबरोबर प्रार्थना समाजात आणि आर्य महिला समाजाच्या बैठकांना जायचं. अशी आठ-नऊ वर्षं गेली. या काळात दोघं एक दिवसही एकत्र राहिली नाहीत. नवरा मामाकडे कर्जात रुतत होता आणि बायको पुस्तकांत.

मार्च १८८४ मध्ये दादाजीच्या वकिलांची नोटीस आली : माझी बायको माझ्या स्वाधीन करा. तेव्हा रखमाबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांचं उत्तर होतं : मी जाणार नाही. मग दावा दाखल झाला. कायद्याच्या भाषेत या दाव्याला 'दांपत्यहक्कांची पुनःस्थापना' म्हणतात. आपल्या मराठीत याला एक साधा शब्द आहे, नांदणं. सासरी गेलेली मुलगी 'नांदते' किंवा 'नांदत नाही'. नांदणं या शब्दात सुखाचा, भरल्या घराचा वास आहे. पण कोर्टाचा शिपाई घेऊन त्या शब्दाची अंमलबजावणी करायला निघालं, की त्याचं काय होतं ते या खटल्यानं पहिल्यांदा सगळ्या देशाला दाखवलं.

खटला चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. घरातला कर्ता पुरुष गेला. बेहरामजी मलबारी यांनी आदल्याच वर्षी बालविवाह आणि लादलेलं वैधव्य यांवर आपली टिपणं प्रसिद्ध करून वादळ उठवलं होतं. आता 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' अशा सहीची पत्रं येऊ लागली. पहिलं जूनमध्ये, बालविवाहाविरुद्ध. दुसरं १९ सप्टेंबरला, विधवांवर लादल्या जाणाऱ्या वैधव्याविरुद्ध. ती रखमाबाईंची होती, हे पुढं उघड झालं. दुसऱ्या पत्रानंतर दोनच दिवसांनी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला.

पिन्ही निवृत्तीला आलेले होते. त्यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जी दोघं कधी एकत्र राहिलीच नाहीत, त्यांच्या बाबतीत 'पुनः'स्थापना कसली करायची? असहाय बालवयात जिचं लग्न लावलं गेलं, त्या तरुणीला तिला नकोशा असलेल्या माणसाच्या हवाली करणं रानटी, क्रूर आणि किळसवाणं ठरेल. अशा दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही, आणि इंग्लंडातला कायदा सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेल्या लग्नांसाठी आहे. रखमाबाईंच्या बाजूनं इन्व्हेरॅरिटी आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. तेलंग तर संस्कृतचे आणि धर्मशास्त्राचे पंडित. त्यांनी या बाजूला उभं राहावं याचा अनेकांना राग आला.

अपील झालं, आणि १८८६ साली सरन्यायाधीश सार्जंट यांच्यापुढं पिन्हींचा निकाल उलटला. खटला पुन्हा चालवायला खाली आला. यातली विसंगती पाहा. असे दावे इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेले. इंग्रजांनी ते इकडे आणले. १८८४ साली खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटनं, हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकली. हिंदुस्थानच्या १८८२ च्या दिवाणी संहितेत मात्र सहा महिन्यांचा तुरुंगवास तसाच राहिला. आणि इथले धर्माभिमानी या विलायती तरतुदीचं रक्षण हिंदू धर्माच्या नावानं करायला निघाले! 'केसरी'नं लिहिलं, की हे सगळं इंग्रजी शिक्षणाचं फळ आहे. टिळकांबद्दल मनात कितीही आदर असला तरी इथं अडखळायला होतं, आणि अडखळल्याचं लपवण्यात काही अर्थ नाही. तिकडे ऑक्सफर्डला बसलेले मॅक्सम्युलर मात्र म्हणत होते, की ही शिकलेली बाई स्वतःचा निर्णय करायला पुरती समर्थ आहे.

४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : एक महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी उत्तर दिलं, की तुरुंगात जाईन. बावीस वर्षांची मुलगी हे म्हणत होती.

त्याआधी सहाच दिवस, २६ फेब्रुवारीला, पुण्यात आनंदीबाई गेल्या होत्या. एकवीस वर्षांच्या. या दोन तारखा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत हे मला कादंबरीची टिपणं काढताना कळलं, आणि शाळेतल्या त्या तसबिरीचा अर्थ थोडा वेगळाच दिसू लागला. आनंदीबाईंवर माझं प्रेम आहे, त्यांचं कर्तृत्व तसूभरही कमी नाही. पण त्यांची कथा आपल्याला सोसते. नवऱ्यानं शिकवलं, बायको शिकली, विलायतेहून लुगडं न सोडता परत आली आणि काही करण्याआधी गेली. तिच्यासाठी रडणं सोपं होतं. दुसरीची कथा 'नवरा नको' इथून सुरू होते, आणि ती बाई मरत तर नाहीच, चांगली नव्वद वर्षं जगते. अशा बाईची तसबीर शाळेत कुठं लावायची? मुलींनी विचारलं तर काय सांगायचं?

तुरुंगाची वेळ आली नाही. रखमाबाईंच्या बचावासाठी समिती निघाली. तिच्यात एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल वर्डस्वर्थ होते, कवी वर्डस्वर्थचे नातू. दादाजीनं आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली, तिला रखमाबाईंनी छापील उत्तर दिलं. लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांचं पत्र आलं. आणि मग जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाईंनी दादाजीला दोन हजार रुपये द्यायचे. त्यानं हुकमाची अंमलबजावणी मागायची नाही.

पुष्कळ ठिकाणी हे असं सांगितलं जातं, की रखमाबाई जिंकल्या. माझ्यातल्या बँकवालीला हे पटत नाही. त्या हरल्या होत्या. कोर्टाचा हुकूम त्यांच्याविरुद्ध कायम होता. त्यांनी पैसे मोजून सुटका विकत घेतली. आणि ती सुटकाही अर्धी. लग्न मोडलं नव्हतं. मोडण्याची सोयच नव्हती. दादाजीनं पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं, त्याला कुणाची आडकाठी नव्हती. रखमाबाई कायद्यानं त्याची बायकोच राहिल्या. व्यवहार म्हणून पाहिलं तर हा असा व्यवहार, की पैसे भरूनही बोजा कागदावरून उतरत नाही.

दोन हजार रुपये होते म्हणून एवढं तरी झालं. आईनं नावावर केलेली मालमत्ता नसती तर? नव्वदीच्या सुरुवातीला मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होते. एक बाई दर महिन्याला वीस रुपयांची आर. डी. भरायला यायच्या. मुलीला नर्सिंगला घालायची होती. घरी कुणाला माहीत नव्हतं. "साहेब, घरी कागद पाठवू नका," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. (बाई असले तरी मी 'साहेब'च होते.) मी हो म्हटलं. पण मुदत संपल्याच्या सूचनांचा गठ्ठा दर महिन्याला सहीला यायचा आणि मी तो न बघता सही करायची. एक पाकीट पोस्टानं घरी गेलं. पुढच्या सोमवारी त्या नवऱ्याबरोबर आल्या. पैसे त्यानं मोजून घेतले, दोनदा. त्या काउंटरच्या लाकडाकडे बघत उभ्या होत्या. नंतर कधी शाखेत आल्या नाहीत. जयंतीबाईंच्या त्या एका सहीचं मोल मला कळतं ते माझ्या या दुसऱ्या सहीमुळं.

डॉक्टर व्हायचं हे रखमाबाईंच्या मनात खटला चालू असतानाच होतं. त्यांना वाट दाखवली ती डॉ. एडिथ पेची यांनी. १८६९ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला धडकलेल्या पहिल्या मुलींपैकी या एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेतल्या गुणांवर त्यांना मिळायला हवी असलेली होप शिष्यवृत्ती त्यांच्या खालच्या पुरुष विद्यार्थ्याला देण्यात आली होती. पदवी त्यांना शेवटी स्वित्झर्लंडात, बर्नला, घ्यावी लागली. १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईला आल्या आणि १८८६ मध्ये उघडलेल्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. त्यांनी लग्न केलं ते हर्बर्ट फिप्सन यांच्याशी. हे फिप्सन मद्याचे व्यापारी, आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे मानद सचिव. म्हणजे सखाराम अर्जुन ज्या फुलापानांच्या, फुलपाखरांच्या मंडळात रमले, त्याच वर्तुळातली ही माणसं. मुंबई तेव्हा लहान होती असंच म्हणायचं.

पैसा उभा राहिला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला निघाल्या. तिथं मॅक्लॅरन दांपत्यानं त्यांना आधार दिला. ईव्हा मॅक्लॅरन या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या होत्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन ही शाळा १८७४ मध्ये निघाली होती, कारण इतर शाळांची दारं मुलींना बंद होती. रॉयल फ्री हॉस्पिटलनं १८७७ मध्ये तिच्या विद्यार्थिनींना वॉर्डांत प्रवेश दिला, तोवर रोगी बघायचा कुठं हाच प्रश्न होता. रखमाबाई गेल्या तेव्हा शाळेच्या डीन होत्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन. अकराव्या वर्षी लग्न झालेली, घरी बसून इंग्रजी शिकलेली मुलगी पंचविशीत शरीरशास्त्राच्या टेबलाशी उभी राहिली. पाच वर्षांत अभ्यास पुरा करून १८९४ मध्ये स्कॉटलंडच्या वैद्यक परिषदांचा परवाना त्यांनी मिळवला.

१८९५ मध्ये त्या सुरतेला रुजू झाल्या, स्त्रियांच्या रुग्णालयात. भारतात प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक. मुंबईत त्यांना नाव होतं, ओळखी होत्या, आणि सगळ्यांना खटलाही ठाऊक होता. सुरतेत फक्त काम होतं.

ते काम काय होतं याची कल्पना आज करता येणं कठीण आहे. घरंदाज बाई पुरुष डॉक्टरला नाडीही धड देत नसे. मधल्या पडद्यातून हात तेवढा बाहेर यायचा. बाळंतपण घरातल्या सगळ्यांत अंधाऱ्या खोलीत, सुईण करील तसं. अडलेली बाई दवाखान्यात आणायची ती सगळं करून थकल्यावर, आणि मग ती दगावली की 'दवाखान्यात नेली म्हणून गेली' असं म्हणायचं. लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी १८८५ मध्ये निघाला तो यासाठीच, की बायकांना बायका डॉक्टर मिळाव्यात. पण निधीनं इमारत होते, विश्वास होत नाही. तो एकेका घरात जाऊन कमवावा लागतो. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, आणि १८९९-१९०० मध्ये गुजरातेत 'छप्पनियो' दुष्काळ पडला. हे दोन्ही रखमाबाईंच्या सुरतेच्या काळातले. १९१८ मध्ये सरकारी विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये येण्याचं बोलावणं त्यांना होतं. ते नाकारून त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिल्या.

माझी कादंबरी अडली ती या सगळ्याच्या मधोमध, १९०४ सालात. त्या वर्षी दादाजी वारला. सुरतेत असलेल्या रखमाबाईंनी त्यानंतर विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली, ते कायमचं.

हे वाक्य मी लिहिलं आणि पुढचं सुचेना. ज्या माणसाशी एक दिवस संसार केला नाही, ज्याच्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग पत्करला, ज्याला दोन हजार मोजून दूर ठेवलं, त्याचं वैधव्य? तेही 'एक हिंदू स्त्री' या सहीनं लादलेल्या वैधव्याविरुद्ध ज्यांनी लिहिलं त्यांनी? आणि जिच्या आईनं सतराव्या वर्षी विधवा होऊन पुन्हा लग्न केलं होतं, त्या मुलीनं?

मी तीन प्रकरणं तीन तऱ्हांनी लिहून पाहिली. एकीत रखमाबाई उपरोधानं पांढरं नेसतात : कोर्टानं बायको ठरवलंत ना, मग आता विधवाही घ्या. वाचायला झणझणीत, पण खोटं. असली नाटकं करणारी बाई ही नव्हे. दुसरीत त्या व्यवहारानं नेसतात. पांढऱ्या लुगड्यातली विधवा रात्री-अपरात्री कुठल्याही घरात जाऊ शकते, तिच्याकडे कुणी वाकडं बघत नाही, आणि डॉक्टरला एवढं पुरे. हे पटण्यासारखं आहे. तिसरीत त्या फक्त थकलेल्या आहेत, आणि वीस वर्षं मागे लागलेलं काहीतरी संपलं याची खूण म्हणून नेसतात. आमच्या ओळखीतल्या, नवऱ्यानं टाकलेल्या एका आजींनी नवरा गेल्याची बातमी आल्यावर कपाळाचं कुंकू स्वतः पुसलं होतं. "आता तरी कुणी विचारणार नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. आता कुणी काही विचारणार नाही, याचं सुख बायकांना किती असतं ते पुरुष वाचकांना कदाचित कळणार नाही. तिन्ही प्रकरणं फाइलीत आहेत. तिसरं मला जास्त जवळचं वाटतं, पण जवळचं वाटणं हा पुरावा नव्हे. रखमाबाई खटल्याच्या वेळी इतकं स्पष्ट लिहीत होत्या. आणि या बाबतीत त्यांनी काही म्हणून ठेवलेलं माझ्या हाती लागलेलं नाही. कादंबरीकारानं अशा जागी आपल्या मनचं घुसडावं की गप्प बसावं? मी गप्प बसले. १९९८ साली सुधीर चंद्र यांचा या खटल्यावरचा 'एन्स्लेव्ह्ड डॉटर्स' हा इंग्रजी ग्रंथ आला, पुढं २०१६ मध्ये सिनेमाही झाला, तेव्हा वाटलं की आता आपली गरजही उरली नाही.

निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, त्यांनी पडदा बंद व्हावा म्हणून एक पुस्तिका लिहिली. ज्या बाईनं आयुष्य पडद्याआडच्या बायकांवर उपचार करण्यात घालवलं, तिनं शेवटी त्या पडद्याचंच निदान केलं. मग त्या मुंबईला परतल्या. नवऱ्याकडे न जाणाऱ्या बाईला तुरुंगात टाकण्याची तरतूद इथं १९२३ मध्ये रद्द झाली. तेव्हा त्या राजकोटात रोगी तपासत होत्या. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला, आणि हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोट मिळाला. त्याच कायद्यात कलम ९ होतं, दांपत्यहक्कांची पुनःस्थापना. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, रखमाबाई गेल्या. आंध्रचा तो निकालही टिकला नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम ९ वैध ठरवलं. ते आजही कायद्यात आहे. तुरुंग नाही, पण हुकूम न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

माझी भाची स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मागच्या दिवाळीत ती घरी आली असताना मी तिला ही फाइल दाखवली. कोर्टाची प्रकरणं तिनं भराभर उलटली, पांढऱ्या लुगड्यापाशी जरा थांबली. मग तिनं मला असा प्रश्न विचारला जो मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. "मावशी, पस्तीस वर्षांत त्यांनी बाळंतपणं किती केली असतील गं?"

मला माहीत नव्हतं. आम्ही कागद घेऊन बसलो. दिवसाला एक धरली तर? आठवड्याला तीन? ती म्हणाली, "रजिस्टर असणारच. आम्हीसुद्धा ठेवतो. तारीख, वेळ, मुलगा की मुलगी, वजन, आणि आईचं नाव." सुरतेची, राजकोटची ती रजिस्टरं आता कुठं असतील, असतील तरी की नाहीत, देव जाणे. पण तेव्हापासून कधी झोप आली नाही की ती मला दिसतात : लांब, लाल कापडी बांधणीची, आमच्या जुन्या लेजरांसारखी. आणि त्यातला आईच्या नावाचा रकाना रखमाबाई कसा भरत असतील, तिच्या नावापुढं नवऱ्याचं नाव घालत असतील की नुसतंच तिचं लिहीत असतील, हे मला फार बघावंसं वाटतं.